पाण्याने आखलेला रस्ता

ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर ठेवा आणि मधल्या भागाकडे बघा. मोठी शहरं जवळपास सगळी किनाऱ्याला चिकटलेली, आणि मध्ये नुसता तपकिरी रंग. त्या तपकिरी रंगातून दक्षिणेकडून उत्तरेकडे डांबरी रस्त्याची एकच ठळक रेघ जाते. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे २,७०० किलोमीटर. हा स्टुअर्ट हायवे. आता सांगा, ही रेघ तिथेच का? मुलूख बहुतेक सपाट, वस्ती तुरळक. रस्ता दोनशे किलोमीटर इकडून किंवा तिकडून गेला असता तर काय बिघडलं असतं?

बरंच बिघडलं असतं. पहिल्यांदा ही वाट काढणारी माणसं तहानेने मेली असती. कारण जिथे मैलोन्‌मैल थेंबभर पाणी नजरेला पडत नाही, त्या मुलखातून जाणारी ही वाट चक्क पाण्याने आखली आहे! कशी, ते बघायला गाडी काढू या आणि दक्षिणेकडून निघू या. गाड्या इथेही डाव्या बाजूनेच धावतात, त्यामुळे आपल्याला चालवायला अडचण नाही.

आधी एक प्रश्न. चारी बाजूंनी समुद्र असलेला हा देश आतून इतका कोरडा का? विषुववृत्तावर तापलेली, बाष्पाने भरलेली हवा वर चढते, पाऊस पाडून रिकामी होते आणि दूर सरकत साधारण ३० अंश अक्षांशावर खाली उतरते. खाली उतरताना ती दाबली जाते, तापते आणि ढग जमूच देत नाही. सहारा याच हवेने वाळवला, कलहारी याच हवेने, आणि ऑस्ट्रेलियाचा मधला भाग नेमका तिच्याखाली आला. पूर्वेकडून, पॅसिफिकवरून येणारं बाष्प ग्रेट डिव्हायडिंग रेंज ही किनाऱ्याजवळची डोंगररांग अडवून धरते. तो पाऊस त्या डोंगरांवर पडतो. हे लक्षात ठेवा, कारण त्याच पावसाची आपली पुढे भेट होणार आहे.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की झाडं ठेंगणी होत जातात आणि मिठाची पांढरीशुभ्र तळी दिसू लागतात. रस्ता वूमेराच्या राखीव क्षेत्रातून जातो. रॉकेटच्या चाचण्यांसाठी राखलेला हा प्रदेश इतका अफाट आहे, की अंतराळातून येणारी वस्तू बिनधास्त इथे उतरवता येते. डिसेंबर २०२० मध्ये जपानच्या हायाबुसा-२ यानाची कुपी इथेच उतरली. तिच्यात रयुगू या लघुग्रहावरची जेमतेम पाच ग्रॅम माती होती. त्या मातीत काय निघालं? पाण्याशी संयोग होऊन बनलेली खनिजं! ऑस्ट्रेलियातल्या अतिशय कोरड्या मुलखात आकाशातून पाण्याचीच खूण येऊन पडली.

पुढचा मुक्काम कूबर पेडी. वर्षाला पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आसपास आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर. मग इथले निम्मे लोक राहतात कुठे? जमिनीखाली. टेकड्यांच्या मऊ खडकात खोल्या कोरायच्या. बाहेर काहीही असो, आतलं तापमान पंचविशीच्या आत-बाहेर, पंखा नाही की एसी नाही. १९१५ साली चौदा वर्षांच्या एका मुलाला इथे ओपल सापडलं आणि गाव वसलं. हा दगड हातात घेऊन हलवा. हिरवा झळकतो, जरा तिरका केला की निळा, आणखी तिरका केला की मधूनच लाल ठिणगी. पण यात रंगद्रव्य म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही!

मग रंग येतात कुठून? १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ओपल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरलं, तेव्हा उत्तर मिळालं. आत सिलिकाचे बारीक गोळे, सगळे एका मापाचे आणि ओळीने रचलेले. एका मिलिमीटरच्या रांगेत चार-पाच हजार गोळे! त्यांच्या थरांवर आपटून प्रकाश फुटतो. गोळे लहान असतील तर निळा रंग, मोठे असतील तर लालसुद्धा. हे गोळे रचले कोणी? पाण्याने. दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या खडकांतून पुढे सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि फटींत, पोकळ्यांत हे गोळे अतिशय सावकाश बसत गेले. त्यातलं थोडं पाणी आजही दगडाच्या आत कोंडलेलं असतं. १९८७ मध्ये इथे समुद्रात पोहणाऱ्या एका सरीसृपाचा सांगाडा सापडला, त्याची हाडंच्या हाडं ओपल झालेली. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये तो आहे, लाडाने त्याला ‘एरिक’ म्हणतात.

आता हायवे सोडून उजवीकडे कच्च्या रस्त्याला लागू या. १६० हून अधिक किलोमीटर लाल धूळ, की विल्यम क्रीक. हे गाव म्हणजे एक पब आणि चार-दोन घरं. भोवताली अ‍ॅना क्रीक हे जगातलं सर्वांत मोठं गुरांचं कुरण, सुमारे १५,७०० चौरस किलोमीटरचं. तिथून आग्नेयेला तास-सव्वा तास गेलं की पाटी दिसते, ‘द बबलर’. गाडीतून उतरून लाकडी पायवाटेने एका बुटक्या, पांढरट उंचवट्यावर चढायचं. वर गोल तळं, काठाला हिरवी लव्हाळी. पाणी नितळ. तळाची वाळू अचानक हलते, फुगते, मधोमध एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो. वाळू पुन्हा खाली बसते. थोड्या वेळाने परत तेच. आजूबाजूला नजर जाईल तिथवर रखरखाट आणि मध्ये हा जिवंत झरा!

हे पाणी आलं कुठून? मघाशी लक्षात ठेवलेला पाऊस आठवा. पूर्वेकडच्या डोंगराळ भागातलं काही पाणी वालुकाश्मात मुरतं. हा सच्छिद्र खडक पश्चिमेकडे खोल खोल जातो आणि त्याच्यावर पाणी न झिरपू देणाऱ्या खडकाचं झाकण असतं. पाण्याला ना वर येता येत, ना बाहेर पडता येत. इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचा नळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे उलगडा होईल. टाकी क्वीन्सलंडच्या डोंगरांत, पाइप म्हणजे हा वालुकाश्म, आणि नळ इथे, जवळजवळ समुद्रसपाटीवर. जिथे वरचा खडक चिरला गेलाय, तिथे दाबाखालचं पाणी आपसूक वर उसळतं. पंप लागत नाही. हेच ग्रेट आर्टेशियन बेसिन. विस्तार १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून मोठा भूमिगत जलसाठा!

खरा धक्का तर पुढेच आहे. खडकातून हे पाणी वर्षाला फार तर एक ते पाच मीटर सरकतं. वर्षाला एक मीटर धरा आणि अंतर हजार किलोमीटर धरा. किती वर्षं झाली? दहा लाख! हा नुसता तोंडी हिशेब झाला, पण पाण्यातल्या किरणोत्सारी क्लोरीनवरून शास्त्रज्ञांनी काढलेलं वयही काही ठिकाणी दहा लाख वर्षांच्या पलीकडे जातं. तुमच्यासमोर फुटलेल्या बुडबुड्यातलं पाणी ढगातून पडलं, तेव्हा पृथ्वीवर आपली मनुष्यजात जन्मालाही आलेली नसेल.

पाण्यातला चुना आणि वाऱ्याने येणारी वाळू झऱ्याच्या तोंडाशी साचून हे उंचवटे तयार झाले. अराबाना लोक इथले पूर्वापारचे रहिवासी. त्यांच्या कथेत बबलरची खळबळ म्हणजे इथे मारल्या गेलेल्या एका महासर्पाची तडफड, आणि शेजारची हॅमिल्टन हिल म्हणजे त्याचं डोकं. ती टेकडीही एके काळी झराच होती, कधीच आटलेला! असे झरे एकापाठोपाठ एक, कमानीसारख्या रांगेत उत्तरेकडे गेले आहेत. फ्लिंडर्स डोंगरातला मौल्यवान गेरू आणायला माणसं शेकडो किलोमीटर चालत, ती याच झऱ्यांवरून. पाणी कुठे, तिथून पुढचं पाणी कोणत्या दिशेला, हे गाण्यांत आणि कथांत बांधून ठेवलेलं. कागदाचा नकाशा नव्हता, पाठांतराचा होता.

१८५९ मध्ये जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट हा स्कॉटिश माणूस या रांगेवर आला. त्याची रीत साधी होती. माणसं थोडी, घोडे चपळ, आणि पुढचं पाणी सापडल्याशिवाय मुक्काम हलवायचा नाही. १८६० मध्ये तो खंडाच्या मध्याशी पोचला, पण पुढे एका ओढ्यावर वारुमुंगू लोकांनी त्याला परतवून लावलं. पुढच्या वर्षी दाट काटेरी रानाने अडवलं. तिसऱ्या खेपेला, २४ जुलै १८६२ रोजी, त्याने उत्तरेच्या समुद्राला हात लावला. परतीच्या वाटेवर स्कर्व्हीने तो इतका खंगला, की दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं. पण त्याच्या तुकडीतला एकही माणूस दगावला नाही. पाण्यामागून पाणी गाठत गेलेल्या माणसाने सगळ्यांना जिवंत घरी आणलं!

दहाच वर्षांत त्याच्या वाटेवरून तार गेली. चार्ल्स टॉडच्या देखरेखीखाली सुमारे ३,२०० किलोमीटर तार आणि ३६,००० च्या आसपास खांब, काम दोन वर्षांच्या आत, २२ ऑगस्ट १८७२ रोजी पुरं. तारेतला विद्युतसंदेश अंतरागणिक क्षीण होत जातो. म्हणून दर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर ठाणं हवं. तिथे माणूस संदेश ऐकून उतरवून घेणार आणि पुन्हा पुढे ठोकणार. माणूस म्हटला की पाणी आलंच, म्हणून ठाणी पाण्याजवळ. पुढे काही ठाण्यांभोवती गावं उभी राहिली. आणि हा संदेश लंडनला जायचा कसा? डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, तिथून आपली मुंबई, मग एडन, सुएझ आणि पुढे युरोप. बोटीने महिने खाणारी बातमी काही तासांत पोचू लागली, आणि ती पोचवणाऱ्या साखळीत मुंबईही होती.

तारेचं सामान वाहायला उंट होते. १८६० मध्ये कराचीहून चोवीस उंट एका शोधमोहिमेसाठी आणले गेले, नंतर हजारोंनी आले, सोबत सिंध, बलुचिस्तान, पंजाब आणि अफगाणिस्तानातले उंटवाले. तिथे सरसकट सगळ्यांनाच ‘अफगाण’ म्हणत. धान्य, लोकर, खांब, रेल्वेचे स्लीपर, सगळं यांनीच वाहिलं. ट्रक आले, उंट मोकळे सोडले गेले आणि रानात वाढले. रस्त्यात आडवा येणारा उंट दिसला, तर त्याचे पूर्वज आपल्याच बाजूचे आहेत हे ध्यानात असू द्या. आजही अ‍ॅडलेड ते डार्विन धावणारी ‘द घान’ ही गाडी त्या उंटवाल्यांचं नाव मिरवते. तिचे जुने रूळ झऱ्यांच्या वाटेने होते, कारण वाफेच्या इंजिनालाही तहान लागते. १९८० मध्ये ते रूळ पश्चिमेला हलवावे लागले. कारण काय असावं? पूर! वाळवंटातली रेल्वे पाण्याने वारंवार वाहून जात होती. रस्ताही पुढे पश्चिमेनेच पक्का झाला आणि १९८७ मध्ये त्यावर सलग डांबर पडलं. पेट्रोलच्या टाकीवर चालणाऱ्या गाडीला दर पन्नास किलोमीटरवर झरा लागत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पुढे मात्र हायवे आजही बराचसा तारेच्या आणि स्टुअर्टच्या मागोमाग जातो.

परत डांबरी रस्त्यावर आलो, की समोर रोडट्रेन. एक ट्रक, मागे तीन ट्रेलर, लांबी ५३ मीटरपर्यंत. तिला ओलांडायला किती जागा लागेल? ती ताशी १०० ने, तुम्ही १३० ने. नॉर्दर्न टेरिटरीत तेवढी मुभा आहे. फरक फक्त ३० चा. तिची लांबी आणि पुढे-मागे सोडायचं अंतर मिळून सव्वाशे मीटर कापायला पंधरा सेकंद, आणि तेवढ्यात तुमची गाडी अर्धा किलोमीटर पुढे. समोरून येणाराही तेवढंच येतो. म्हणजे निदान एक किलोमीटर रस्ता मोकळा हवा! काही ठिकाणी रस्त्यावर विमानाच्या धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील. खरंच ती धावपट्टी आहे. गरज पडली तर रुग्णासाठी येणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरचं विमान रस्त्यावरच उतरतं.

तिन्हीसांजेच्या आत मुक्काम गाठा, कारण मग कांगारू बाहेर पडतात. प्रत्येक उडीत त्यांच्या पायाचे स्नायुबंध ताणले जातात, ऊर्जा साठवतात आणि पुढच्या उडीला परत देतात. परिणाम असा, की बऱ्याच वेगापर्यंत वेग वाढला तरी खर्च वाढत नाही. पाणी दूर दूर विखुरलेल्या देशात याहून चांगली चाल कोणती? लाल कांगारूची मादी एकाच वेळी तीन पिल्लांची आई असू शकते. एक बाहेर उड्या मारणारं, एक पिशवीत, आणि एक गर्भाशयात, शंभरेक पेशींवर वाढ थांबवून वाट बघत असलेलं! बाहेरच्या पिल्लाचं आणि पिशवीतल्याचं वय वेगळं, म्हणून दोन स्तनांत दोन वेगळ्या प्रकारचं दूध. दुष्काळाने पिशवीतलं पिल्लू गेलं, तर थांबलेला जीव वाढीला लागतो.

एर्लडंडाहून डावीकडे अडीचशे किलोमीटरवर उलुरू. ३४८ मीटर उंच, तळाशी घेर नऊ किलोमीटरच्या वर. हा अखंड खडक म्हणजे साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी पुरांनी डोंगरावरून वाहून आणलेला गाळ. त्याचे आडवे थर नंतर इतके कलले, की आज जवळजवळ उभे आहेत. आतून हा दगड करडा आहे. लाल रंग हा लोखंडाचा गंज, आणि गंजायला पाणी लागतं. इथल्या अनांगू लोकांच्या श्रद्धेचा मान राखून २०१९ पासून वर चढणं बंद आहे. पायथ्याशी मुटिजुलूच्या पाणवठ्यापाशी जा. खडकावर पडलेला पाऊस घसरत येऊन इथे साठतो.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जला टॉड नदी आहे. नदी म्हणजे बहुतेक वेळा रुंद कोरडी वाळू, पण काठाला प्रचंड गम वृक्ष. ते जगतात कसे? पाणी वाळूच्या खाली असतं. या पात्रात दरवर्षी बिनतळाच्या होड्या उचलून धावण्याची शर्यत होते. १९९३ मध्ये ती रद्द झाली, कारण नदीला पाणी आलं!

टेनंट क्रीकच्या अलीकडे कार्लू कार्लू. ग्रॅनाइटचे गोल गरगरीत धोंडे, एकावर एक तोललेले. यांना घडवलं तेही पाण्यानेच. जमिनीखाली असताना ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून झिरपणारं पाणी कोपऱ्यांना एकदम तीन बाजूंनी खातं, सपाट बाजूला मात्र एकाच बाजूने. कोपरे आधी गेले, गोळे उरले, आणि वरची माती वाहून गेल्यावर ते उघड्यावर आले.

उत्तरेकडे जाल तशी वारुळं उंच होतात, गवत दाट होतं. मटारांकाला चुनखडीतून दिवसाला सुमारे तीन कोटी लिटर, ३४ अंशांचं कोमट पाणी ताडांच्या सावलीत वाहतं. आणि डार्विन? तिथे वर्षाला १,७०० मिलिमीटर पाऊस! जूनमध्ये आपल्याकडे असलेला पावसाचा पट्टा डिसेंबरपर्यंत सूर्यामागोमाग दक्षिणेला सरकतो आणि तिकडे मान्सून सुरू होतो. हवा वर चढवून पाऊस पाडणारं यंत्रही तेच, आणि ती खाली उतरवून वाळवंट घडवणारंही तेच.

जायचं तर मे ते सप्टेंबर. माणशी रोज निदान पाच लिटर पाणी बरोबर ठेवा आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालू लागू नका. आणखी एक करा. वाटेत कुठे बोअरच्या तोंडावर बसवलेली झडप दिसली, तर दोन मिनिटं थांबा. १८७८ पासून इथे आर्टेशियन बोअर पाडायला सुरुवात झाली. शेकडो बोअर रात्रंदिवस मोकळे वाहत राहिले, उघड्या पाटांतून पाणी उन्हात उडून गेलं, जमिनीखालचा दाब घसरला आणि कित्येक झरे आटले. इथल्या काही झऱ्यांत अशा चिमुकल्या गोगलगाई आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तिथलं पाणी गेलं की ती जातच संपली. गेल्या काही दशकांत सरकार आणि पशुपालक मिळून हे बोअर बंदिस्त करताहेत, पाट काढून पाइप घालताहेत आणि अनेक ठिकाणी दाब पुन्हा वाढू लागलाय. दहा लाख वर्षं चालत आलेलं पाणी आपल्या चार पिढ्यांत वाया जाऊ नये, म्हणून कोणीतरी बसवलेली ती लोखंडी झडप मला या वाटेवरच्या कुठल्याही सूर्यास्ताइतकीच बघण्यासारखी वाटते.